ह्यांच्या वाटणीची नमो मरिया

माझं माहेर संगमनेरच्या पल्याडचं, भाऊ. आमची सगळी आळीच कॅथलिक, संध्याकाळची घंटा झाली की घराघरात रोझरीची माळ सुरू, रस्त्यानं चाललं तर ह्या घरात सुरू झालेली नमो मरिया पुढच्या घरात संपायची. आमच्यात रीत अशी, माळेच्या दर मण्याला एक नमो मरिया, तिचा पयला अर्धा एकानं म्हणायचा आन दुसरा अर्धा बाकीच्यांनी. घरी पयला आईचा, दुसरा बापाचा, कारण बाप दमून यायचा, त्याला निसतं उत्तर देणं जमायचं, डोळं मिटून का व्हयना. मग लगीन होऊन हितं निमगाव सावाला आले तर अख्ख्या गावात कॅथलिकाचं आमचं एकच घर. चर्च लांब, फादर कवातरी यायचे. काय सांगू तुम्हाला, पयल्या संध्याकाळी मी माळ काढली, माझा अर्धा म्हणला, आन आता दुसरा कोण म्हणणार म्हणून घुटमळले, तर पाठीमागनं तेलानं काळे झालेले हात पुसत ह्येच म्हणायला लागले. तवापासनं पयला अर्धा माझा, दुसरा ह्यांचा.

ह्ये विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. बोलायला लई. विहिरीत उतरले तरी वरच्या माणसाशी गप्पा चालू. आन घरात पाऊल टाकलं की पयलं बोलणं, कुठं गेलीस गं. समोर उभी असले तरी कुठं गेलीस. मी म्हणायची, जाती कुठं, तुमच्या नशिबात हितंच हाय. नावानं हाक कधी मारली न्हाई, मीबी त्यांचं नाव घेतलं न्हाई. मला हाक मारायची म्हणजे कुठं गेलीस, बास.

मागल्या कांदे काढणीत ह्ये दुपारी जेवायला बसले आन हातातनं भाकरी गळली. मी म्हणलं, काय लहान पोरागत सांडताय. वर बघितलं तर तोंड एका अंगाला गेलेलं. नारायणगावला नेलं, तिथनं पुण्याला. जीव वाचला, पर उजवं अंग गेलं आन वाचा गेली. डॉक्टर म्हणले, मेंदूत बोलायची जागा असती तिथंच मार बसलाय, तुमी त्यांच्याशी बोलत राहा. आता मी गप कवा बसलेय? पर ह्यांच्या तोंडातनं निसतं बा बा. पाणी पायजे तरी बा बा, पाठीला खाज सुटली तरी बा बा, मला कळंना झालं की ताट भिरकावायचे, आन मग डाव्या हातानं डोळं पुसायचे. ते बघवत नव्हतं. पोरगी चाकणला दिलीय, ती यायची, चार दिवस राहायची, तिचाबी संसार हाय. मग पुन्हा आमी दोघं आन ते बा बा.

तवा मी प्रार्थना केली न्हाई भाऊ, भांडण केलं. मरियेच्या फोटोपुढं उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. शेण काढता काढता माळ, भाकरी थापता थापता माळ, मधनंच सुरू करायची, अर्धी टाकून रडायची. कशाचा कशाला मेळ नव्हता. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर, आमच्या नन, ह्यांना बघायला यायच्या, त्या म्हणल्या, बाई, अशानं तू मोडून पडशील, आधी वेळ बांध. उठल्या उठल्या दिवस देवाला अर्पण कर, दुपारी देवदूताची प्रार्थना, दिवेलागणीला रोझरी, एकच, पर शांतपणानं. आन माळ पळवायची न्हाई, दर दहा मण्यांना येशूच्या न्हाईतर मरियेच्या आयुष्यातली एक गोष्ट असती, ती डोळ्यांपुढं आणायची, तिथं जाऊन उभं राहायचं.

बरं म्हणलं. बांधली वेळ. पर उभं राहायला गेले की माझा पाय अडकायचा. येशू पोर असताना सणाच्या गर्दीत हरवतो आन मरिया त्याला हुडकत फिरती, ती गोष्ट आली की मी पुढं सरकतच नव्हते. मी तिला म्हणायची, तुझं तीन दिवसांत घावलं गं बाई, माझं माणूस समोर खाटेवर बसलंय आन घावत न्हाई.

आन एक केलं मी. ह्यांचा अर्धा म्हणला न्हाई. माझा अर्धा म्हणायची आन ह्यांच्या अर्ध्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गप बसायची, मग पुढचा मणी. शेजारची कमल एकदा बसली व्हती, तिला वाटलं मी विसरतीय. पोरगी फोनवर म्हणली, आई, एकटं माणूस दोन्ही म्हणतंच की, त्यात काय पाप न्हाई. मला ठावं हाय पाप न्हाई. पर ह्यांचा अर्धा मी म्हणला म्हणजे ह्ये गेलेच की. जित्या माणसाच्या वाटणीचं मी कशाला खाऊ?

असं लई दिवस चाललं. एका संध्याकाळी माझा अर्धा संपला, मी गप बसले, आन खाटेवरनं आवाज आला, पवित्र मरिये, देवाच्या माते, पार आमेनपर्यंत. स्वच्छ. ह्यांचा आवाज, भाऊ. माझ्या हातातनं माळच गळाली. पुढची म्हणली, पुन्हा उत्तर. मी ओरडत कमलला बोलावलं, पोरीला फोन लावला, ती तिकडं रडतीय, मी हितं रडतीय. मग ह्यांच्याजवळ बसले, म्हणलं पाणी म्हणा बघू. बा बा. मी कोण, सांगा. बा बा.

डॉक्टर म्हणले, पाठ झालेलं मेंदूत निराळ्या जागी असतं, ते वाचतं कधीकधी, म्हणजे बोलणं परत आलं असं धरू नका. मला असा राग आला. मी घरी येऊन सकाळी माळ, दुपारी माळ, चहा झाला की माळ, म्हणलं म्हणता म्हणता एखादा दुसरा शब्द निसटंल. देवाचं ध्यान कसलं, माझं सगळं ध्यान ह्यांच्या ओठांवर. ह्ये दमले. तोंड भिंतीकडं केलं आन उत्तर द्यायचं बंद केलं. म्हणलं, व्हतं तेबी मी घालवलं. सिस्टर म्हणल्या, मी एकच माळ सांगितली व्हती, माणूस हाय तो, नळ न्हाई. मग पुन्हा एकच, दिवेलागणीला. हळूहळू उत्तर आलं.

आन मागल्या पंधरवड्यातली गोष्ट. बिबट्या फिरतोय म्हणून आमी शेळ्या उजेडीच आत घेतो. त्या दिवशी एक शेळी उसात शिरली, मला उशीर झाला, अंधारून आलं. बांधावर असताना घरातनं आवाज आला, पवित्र मरिये, देवाच्या माते. मी घरात नव्हते, पयला अर्धा कुणी म्हणलाच नव्हता. ह्ये थांबले, पुन्हा म्हणले, जोरात, मग आणखी जोरात. मी शेळी ओढत पळाले. दारात मला बघितलं आन गप झाले, डावा हात पुढं केला.

कुठं गेलीस म्हणत व्हते हो. दुसरे शब्दच न्हाईत त्यांच्याकडं.

आता डॉक्टर म्हणतात आणखी एक झटका आला तर हेबी जाईल. रोज दुपार कलली की मला धडकी भरती, आज उत्तर येईल का न्हाई. बरं व्हावं असं मागायचं मी सोडून दिलंय, आता एवढंच मागती, की हे तरी ठेव, आन न्यायचंच असलं तर मला आधी न्हेऊ नको, ह्यांचा अर्धा ऐकायला कोण राहील मागं?

ऐकलंत? आत ह्ये सुरू झाले बघा. उजेड हाय अजून, वेळबी झाली न्हाई, पर मी तुमच्याशी बोलत बसले ना. देव तुमच्या घरातली माणसं बोलती ठेवो, भाऊ. च्या गार होतोय, तेवढा घ्या. आले हो, आले, हितंच हाय.