आक्काचं ‘धरलंय’

मंडळी, बसा. दाटीवाटीनं बसा. भिंतीला टेकलेल्यांना आधीच सांगते — झोप लागली तर लागू दे, पण घोरू नका. पेटीचा सूर हलतो.

आज प्रश्न एकच. खोटं बोलणं पाप, का पुण्य?

पाप! ऐका, कसं एका सुरात आलं! मग घरून निघताना काय सांगून आलात गं बायांनो? ‘तासाभरात येते’! मी आजवर कुणाला तासाभरात सोडलंय? पहिलं पाप देवळाच्या पायरीआधीच झालं. असू दे.

पुराणात एक राजा होता. नाव घेत नाही. मोठ्यांच्या चुका सांगताना नाव घेऊ नये. इतका खरं बोलणारा, इतका खरं बोलणारा, की त्याचा रथ जमिनीला टेकायचाच नाही. चार बोटं वरून चालायचा! मग लढाईत एक दिवस तो अर्धं खोटं बोलला. पुरतं नाही हं, अर्धंच! आणि चाकं धप्पकन खाली. शास्त्री सांगतात, तो राजा घसरला. मी शाळा शिकले तिसरीपर्यंत, तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्यात आमची म्हैस व्याली. तेव्हा शास्त्र्यांपुढं मी काय बोलणार? पण तो रथ ध्यानात ठेवा. चार बोटं. पुढं लागणार आहे.

तर ऐका. याच आपल्या सांगलीत, खणभागात, एक आक्का राहायची. ठेंगणी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. देखणी होती! ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक आहे. का हो तबलजी, मान का खाली घातली?

या आक्काच्या गळ्यात सव्वीस वर्षं माळ. आणि माळ घातल्यापासून एक शब्द खोटा नाही! आता, खऱ्या माणसाचे हाल बघा. बारशाला तिला बोलावणं यायचं बंद झालं. कारण कुणी विचारलं, ‘बाळ कुणावर गेलंय हो?’ — तर ती सांगायची! मुलगी बघायला कुणी सोबत नेईना. हळदीकुंकवाला गेली आणि ‘डाळ कशी झालीय?’ असं कुणी विचारलं, की घरातली बाकीची माणसं स्वयंपाकघरात पळायची. माणूस खरा, आणि शेजारची जागा रिकामी. चार बोटं वर!

तिचा मुलगा रणजित. हळदीच्या गोदामात मुकादम. अंघोळ केली तरी पिवळा. आणि सून सारिका. लग्नाआधी रक्त काढायचं शिकलेली. हात असा, की शीर एका टोचण्यात सापडायची; माणूस ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडायचा तोवर कापूस लावून मोकळी! लग्न झालं, पोरं झाली, आणि बारा वर्षं त्या हातानं भाकऱ्या थापल्या. भाकऱ्याही चांगल्या करायची. पण भाकरीला शीर नसते.

पोरं मोठी झाली. सारिकानं रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, उपाशीपोटी रक्त द्यायची माणसं सकाळी सहापासून दारात बसतात. बोळाबोळातून फिरावं लागतं. त्या वेळी रिक्षा मिळत नाही, बस बोळात शिरत नाही. सायकल येते?’

आता सायकल यायची कुठून? माहेरी सायकल होती — भावाची! हिच्या वाट्याला मागचं कॅरिअर.

पण तोंडातून निघून गेलं, ‘येते.’

‘मग एक तारखेला या.’

घरी येऊन सासूला म्हणाली, ‘आत्या, मी खोटं बोलून आले.’ एक तारखेला नऊ दिवस होते. नाही जमलं तर जागा दुसरीला. आणि आणखी एक बोलली, हळूच. ‘या वेळी नाही झालं, तर मी परत कुठं विचारणार नाही.’ मंडळी, बाई असं रडून बोलली तर घाबरू नये. भांडी घासता घासता बोलली, तर घाबरावं.

रणजितनं बहिणीच्या पोरीची जुनी लेडीज सायकल आणली. पुढं टोपली, हँडलला रंगीत झुपके. आणि शिकवायला सुरुवात केली — स्टँडवर! सायकल अंगणात उभी, सारिका वर, पाय गरागरा, चाक गरागरा.

‘बघ आई, जमलं!’

‘कुठं पोचली?’

‘शिकत्येय अजून.’

‘अरे, दोन दिवस झाले. तुळशीपर्यंत तरी जाऊ दे!’

तिसऱ्या दिवशी शाळेमागच्या मैदानावर नेली. रणजितनं मागून कॅरिअर धरलं. सारिका ओरडायची, ‘धरलंय ना हो?’ ‘धरलंय!’ आणि धरलेलंच असायचं! खरा माणूस, आईचा मुलगा. तीन दिवस तो सायकलच्या मागं पळाला. सायकल शिकली नाही, हाच पळायला शिकला. आक्का मैदानाच्या कडेला माळ ओढत बसलेली.

‘अरे सोड की!’

‘पडंल, आई!’

‘पडू दे!’

‘हात मोडला तर?’

‘मग पोळ्या तू लाट!’

सहाव्या दिवशी कंबर मोडली ती याची. अंगणात बाजेवर पालथा पडून, कमरेला शेक घेत म्हणतो, ‘आई, तिला नाही जमायचं. बायकांचा तोलच वेगळा असतो.’

आक्का म्हणाली, ‘बसच्या पायरीवर एका पायावर उभी, कडेवर पोर, हातात पिशवी, दातात तिकीट — तेव्हा तोल कुणाचा होता रे? तू मागं बसून खिडकी शोधत होतास!’

शेजारच्या प्रमिलाबाई कुंपणावरून ऐकत होत्या. त्या रोजच ऐकायच्या. आमच्याकडं रेडिओ नाही याची त्यांना कधी अडचण झाली नाही. म्हणाल्या, ‘आक्का, सुनेला सायकल? लोक काय म्हणतील?’

‘लोक म्हणजे तूच की गं. बोल, काय म्हणत्येस?’

प्रमिलाबाईंना एकदम दूध उतू गेल्याचा वास आला.

आता कॅरिअर आक्कानं धरलं. नऊवारीचा काष्टा कसून मारला, आणि निघाली! आणि इथंच घोळ झाला, मंडळी. रणजित सोडत नव्हता. आक्कानं दहा पावलांवर सोडलं. सारिका झोकात चालली की हो! पण तिनं विचारलं, ‘आत्या, धरलंय ना?’

आक्का म्हणाली, ‘नाही. सोडलं.’

धडाम!

उठली. पुन्हा बसली. ‘धरलंय ना?’

‘आत्ताच सोडलं.’

धडाम!

तुम्ही म्हणाल, आक्कानं गप्प बसावं. बसून बघितलं! उत्तर आलं नाही की सारिका मागं वळून बघायची. आणि सायकलवर मागं वळून बघितलं, की पुढचं काय ते भुई सांगते. सहावा दिवस गेला. सातवा गेला. आठव्या दिवशी अकरा वेळा पडली. दोन्ही गुडघे सोलले, कोपर सोललं, ड्रेस फाटला. रणजितच्या गोदामातली हळद गुडघ्याला लावून लावून सून नवरीसारखी पिवळी झाली.

शेवटी घरी येऊन सायकल भिंतीला लावली आणि म्हणाली, ‘आत्या, एकदा तरी खोटं बोला की हो!’

‘माळ आहे गळ्यात.’

‘तुमचं पुण्य माझ्या गुडघ्यावर उठलंय!’

आणि आत गेली. उद्या लॅबला फोन करून ‘नाही जमत’ म्हणून सांगते, असं नवऱ्याला बोलली. भांडी घासताघासता.

आक्का अंगणात एकटी राहिली. सायकल भिंतीची काढून तिनं स्टँडवर लावली. हातानं पायडल फिरवलं. चाक फिरायला लागलं. काय सुरेख फिरतंय! आवाज नाही, धक्का नाही, खड्डा नाही. आक्का वाकली. चाकाखाली हात घातला. मोजलं.

किती बोटं?

चार!

मंडळी, सव्वीस वर्षं त्या बाईला कुणी शास्त्र्यानं सांगितलं नाही ते नातीच्या सायकलनं सांगितलं. चाक जमिनीवरून चार बोटं वर असलं की ते मळत नाही, झिजत नाही, पंक्चर होत नाही. आणि कुठं जातही नाही! तो राजा खोटं बोलला, चाकं खाली आली. सगळे म्हणाले, रथ घसरला. अहो, टेकला म्हणा की!

नववा दिवस. सकाळी आक्का म्हणाली, ‘चल.’

‘आत्या, नको. गुडघा वाकत नाही.’

‘वाकेल. चल.’

निघताना रणजितनं विचारलं, ‘आई, माळ काढून ठेवतेस का?’ कारण त्याला कळलं होतं, आई काय करणार ते. मंडळी, ही पळवाट तुम्हाआम्हाला बरोबर सुचते! माळ खुंटीला, खोटं तोंडाला, संध्याकाळी माळ पुन्हा गळ्यात. आक्का म्हणाली, ‘काढायची कशाला? खोटं बोलायचं तर देवाच्या देखत. मागं बोलायला तो काय माझी जाऊ आहे?’

मैदान. सारिका चढली. आक्कानं धरलं. एक पाऊल, दोन पावलं, दहा... सोडलं.

‘आत्या, धरलंय ना?’

आक्काला सव्वीस वर्षांची सवय, जीभ उचलेना. सायकल हलायला लागली. हँडल डावीकडं, हँडल उजवीकडं... आता जाते, आता जाते...

‘धरलंय गं!’

सायकल सरळ!

‘नक्की ना?’

‘नक्की! घट्ट धरलंय!’

बघा — एक बोलली तर दुसरं आपोआप आलं. खोट्याला सराव लागत नाही, हे आक्काला तेव्हा कळलं. पण आवाज जवळून आला पाहिजे ना! म्हणून आक्का मागून पळतेय, दोन्ही हात मोकळे, बासष्ट वर्षांची बाई, ‘धरलंय! धरलंय!’ करत. प्रमिलाबाईही आल्यायत, शाळेच्या कुंपणावरून बघतायत. त्यांना वाटलं, आक्काला काहीतरी झालं! मग दम संपला. आक्का थांबली. सायकल लांब, आणखी लांब, मैदानाच्या टोकाला. तिथं सारिका वळली, आणि समोर काय दिसलं?

आत्या! एवढ्या अंतरावर! कमरेवर हात!

मंडळी, आता पडायला पाहिजे की नको? रीतीप्रमाणं पडायलाच पाहिजे. आक्कानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या टोकापर्यंत ओरडली —

‘धरलंय गं, सारिके!’

पोरगी हसायला लागली. रडायलाही लागली. नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही. आणि सायकल चाललीय! आक्काला एक चक्कर घातली, दुसरी घातली, आणि जाता जाता म्हणते, ‘आत्या, खोटारड्या आहात तुम्ही!’

‘आहे.’

रणजित कमरेला पट्टा बांधून आला होता. म्हणाला, ‘आई, तू खोटं बोललीस!’

‘आणि तू तीन दिवस खरं बोललास. कुठं गेली ती तुझ्या खऱ्यानं?’

त्यावर एक ओवी आहे. पेटीवाले, सूर द्या.

*धरिले तर पडेना, पण जाईना पुढे।*
*सोडिले तर जाईल, फुटोत गुडघे॥*

कुठल्या पोथीत शोधू नका. माझीच आहे.

एक तारखेला सकाळी पावणेसहाला सारिका निघाली. टोपलीत सुयांची पेटी. उतरायचं अजून नीट येत नव्हतं. पहिल्या घरी पेरूच्या झाडाला धरून उतरली. पण शीर एका टोचण्यात सापडली! बारा वर्षांनी!

आता माझा प्रश्न राहिला. पाप, का पुण्य? मंडळी, पापच. मी सोडवणूक करून देणार नाही. आक्काला विचारलं तर ती अजूनही पापच म्हणते. ती आता रोज सकाळी सहा ते सात त्याच मैदानावर खोटं बोलते. नेमानं. बाकी दिवसभर खरं. पाच बायका शिकल्यात. सहावी आहे प्रमिलाबाई! त्या पडतात, आणि पडल्या पडल्या विचारतात, ‘कुणी बघितलं का?’ तेव्हा आक्का खरंच सांगते, ‘सगळ्यांनी.’

आता तुमच्याकडं वळते. बायांनो, आज इथं कुणाच्या तरी मागं बसून किती जणी आल्या? हात वर करा. वर! लाजू नका... बघा, शेत उगवल्यासारखे हात आले! आणि आता, जायच्या वेळी नवरा उठेपर्यंत किती जणी थांबणार? तेच हात. गुडघ्याला भिता? गुडघा महिन्यात भरतो. सांगलीला चढ नाही, घाट नाही. देवानं एवढं सपाट गाव दिलंय ते काय फक्त पाणी साठायला?

आणि पुरुष मंडळी, तुम्ही भले लोक. बायको पडू नये म्हणून मागून धरलेलं असतं. पोरगी पडू नये म्हणून धरलेलं असतं. देवापुढं बसलाय, खरं सांगा. पडू नये म्हणून धरलंय, का जाऊ नये म्हणून?

उत्तर मला देऊ नका. घरी द्या.

बाहेर घंटी वाजतेय, ऐकलीत? दोनदा वाजली की माझी सून आली म्हणायचं. हो, सारिका! तबलजी, आता हसा हवं तर. मी तिच्या मागं बसून आले, मागं बसून जाणार. बोळात खड्डा आला की ती विचारते, ‘आत्या, धरलंय ना?’ आणि मी धरलेलं असतं, दोन्ही हातांनी, मनापासून! ते एक ‘धरलंय’ खरं आहे.

उद्या सहाला मैदानावर या. फाटका ड्रेस घालून या. आता उठायच्या आधी माझ्यामागं म्हणा, आणि भिंतीवाल्यांनीही म्हणा —

देवाचे पाय? — धरले!

पोरीचं कॅरिअर? —

हळू म्हणालात. पुरुषांचा आवाज आला नाही. पुन्हा!

पोरीचं कॅरिअर? — सोडलं!