फ्लेक्सच्या पाठीवरचे छर्रे

मी आष्टी तालुक्यातला, पण माझं गाव कोणतं म्हणून सांगू तुमाला, आई ऊस तोडाय गेलती आन् तिकडंच फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत मी जन्मलो, म्हणून कुणाचीबी कोपी दिसली की मला माझंच घर दिसतं. आता ऊसतोडीचा कोयता सुटला, कडा गावाकडं एका मालकाच्या उसावर राखण करतो. रानडुकरं लई. मालकाची बारा बोरची बंदूक हाय, लायसनची, ती माझ्याच हातात असायची.

यंदा तोडणीची टोळी आली आन् मालकानं त्यांच्या कोप्या बांधाला लागूनच घालाय लावल्या. मी म्हणलं, मालक, डुकरं तिकडूनच येतेत, छर्रे कुठवर फाकतेत ते आधी बघू द्या. मालक म्हणले, कावून रे, कशाला बघायचं, बंदूक सरळ हाय. सरळ कशाची. मी पडीक रानात टेकाडापुढं वाढदिवसाचा जुना फ्लेक्स ताणला, आमच्याकडं कडबा झाकायलाबी फ्लेक्सच असतो. पांढरी पाठ माझ्याकडं केली, कोळशानं मधी फुली काढली. जवळून बार टाकला तर छर्रे ताटाएवढ्या जागेत, पण फुलीच्या डावीकडं. लांबून टाकला तर बाजेएवढे फाकले, डावीकडं अजून सरकले, फुलीवर एकबी न्हाई. आन् डुकराच्या वाटेच्या डावीकडं कोप्याच हायत.

तसाच फ्लेक्स गुंडाळून मालकाकडं गेलतो, ओट्यावर पसरला, म्हणलं बघा. मालकाचा पुतण्या तिथंच बसलेला, त्यानं तो उलटा केला. पुढून साहेब, आमचे पुढारी, हात जोडून उभे आन् तोंडाची पार चाळणी. काय सांगू तुमाला, भोकं कुठं सरकली ते एकानंबी बघितलं न्हाई, समदे तोंड कुणाचं तेच बघत बसले. फोटो मोबाइलवर फिरले, मला विरोधकाचा माणूस ठरवलं, साहेबाच्या नव्या फ्लेक्सला माझ्या हातानं हार घालाय लावला, माफी मागाय लावली. त्या गर्दीतबी मी म्हणलं, मालक, लेकरं झोपतेत तिकडं. मालक म्हणले, टोळ्या येतेत न् जातेत, साहेब बारा महिने लागतेत. थुंकावं वाटलं मला. किळस आली ह्या माणसाची, अजून येते.

आता बंदूक पुतण्याकडं हाय, मनाला येईल तसे बार काढतो. मी कोपीकोपीत जाऊन सांगितलं, बायांनो, हितून उठा. टोळीचा मुकादम म्हणला, मालकाला इचारल्याबिगर कोपी हलवायची न्हाई. मग दिवस मावळला की त्या बाया लेकरं उचलतेत आन् पलीकडं ट्रॅक्टरच्या लोखंडी ट्रॉलीआड निजवतेत. देव राखो त्यांना. मी दुसरं काय म्हणू.