जाळीपलीकडची लावरी

जनावरांच्या डॉक्टरकडे मांजर घेऊन आलेला शिंपी नंबर येईपर्यंत भिंतीकडे बघत होता, पण कान मात्र शेजारच्या बाकावर होते. तिथं एक सासू आणि तिची सून, मध्ये बुटांचं खोकं, खोक्यात डोकं सोलवटलेली लावरी पक्षीण.

"आई, बाकीच्या लावऱ्या एवढ्या का चवताळल्या हिच्यावर? लहानपणापासून एकत्रच आहेत ना?"

"मागे हिचा पाय दुखावला, तेव्हा मीच हिला आतल्या खोलीत वेगळं ठेवलं. शांत, ऊबदार. बरी झाल्यावर परत सोडली, तर ओळखच देईनात. टोचून टोचून हे हाल केले."

"म्हणजे आपली मायाच नडली हिला."

"डॉक्टर फोनवर म्हणाले, आता त्याच पिंजऱ्यात ठेवा, मध्ये फक्त जाळी लावा. जखम भरेपर्यंत रोज एकमेकींना दिसू द्या."

सुनेनं खोक्याचं झाकण सारखं केलं.

"आई, वन्सं रविवारी येतायत, त्या कायमच्याच ना?"

"हो गं बाई. सुटलं तिचं सासर. वरची खोली आवरलीये. जेवणही वरच पाठवू. तिला कुणाचा त्रास नको, कुणाला तिचा नको."

"वरची नको. स्वयंपाकघराला लागून आहे ती द्या. जेवायलाही आपल्यातच बसू देत."

"आणि तुमचं विळ्याभोपळ्याचं सख्य?"

"मी टोचणार नाही, असं नाही म्हणत, आई. पण परकी समजून तरी नाही टोचणार."