दाराचं रोगण

पंजाब : माय, देवघरसुद्धा? देवघरसुद्धा हिरवं केलंस?

मनकर्णा : सांभाळून चाल. उंबरा नीट दिसत नाई आता.

पंजाब : मी रोगण पाठवलं होतं ते फक्त पुढच्या दारासाठी. एक पिंप. मुंबईत साहेबांच्या बंगल्यांची दारं अशी गर्द हिरवी असतात, म्हणून. तू भिंती, खांब, छत, सगळंच रंगवून टाकलंस. भर दुपारी दिवा लावावा लागतोय.

मनकर्णा : लावते मी. गार वाटते आत. बस, भाकर टाकते.

पंजाब : भाकर राहू दे. पेढीच्या कापूस-खरेदीसाठी अकोल्याला आलो, तिथं किसनकाका भेटले. म्हणाले, पातूरचा कोणी पुंजाराम रंगारी तुझ्या आईला एकटी पाहून लुबाडून गेला. दिवाळीला आला तो संक्रांतीपर्यंत हलला नाही. ऐकलं आणि तसाच छकड्यात बसलो. उद्या पातूरला जाऊन त्याला जाब विचारतो.

मनकर्णा : त्याच्यासाठी आला का तू?

पंजाब : आईला कोणी फसवत असेल तर मुलानं यायला नको?

मनकर्णा : यावं ना. बरं केलं आला. पन त्याले काई म्हनू नको. त्यानं नाई फसोलं.

पंजाब : मग एवढं रंगवलं कसं?

मनकर्णा : तो आला तवा संग बायको होती, सत्यवती. दोघं गोठ्याच्या पडवीत उतरले. तो दार रंगवे अन् सत्यवती कुंचे धुता धुता माह्यासंग बोले. माहेरच्या गोष्टी, सासूची भांडनं. दार झालं तवा पुंजाराम म्हने, येतो बाई. पिंपात रोगण उरलं होतं. म्या म्हनलं, खिडक्या कर.

पंजाब : आणि मग?

मनकर्णा : मंग खांब. मंग माजघर. रोगण सरलं त म्याच अकोल्याहून मांगोलं.

पंजाब : त्यानंच मागं लागून मागवायला लावलं असणार.

मनकर्णा : नाई रे. तो म्हने, बाई, पुरे करा, घरात उजेड राह्यला नाई. सामानबी बांधलं होतं त्यानं. मीच सोडाले लावलं.

पंजाब : पण कशासाठी? एवढा आवडतो तुला हिरवा?

मनकर्णा : रंगाचं काय. तू लाल पाठोला असता त लाल लावला असता. ते दोघं असले का घरात खुडबुड राहे. सकाळी कोनी हाक मारे. तिघांची भाकर टाका लागे मले.

पंजाब : गोदाकाकू यायच्या ना दुपारी?

मनकर्णा : आता कोन येते? कापसाचा भाव चढला तशा साऱ्या बाया रेचा फिरवत बसल्या, कापसातली सरकी काढत. गोदाबाईच्या घरी गेली त बसा म्हनते, पन हात थांबत नाई तिचा. मीच उठून येते. तुहा बाप गेला, मंग तू कापसाच्या मांगं मुंबईले गेला. पोळ्याले निरोप धाडला, ये म्हनून. त आरसा आला. दसऱ्याले धाडला, त पिंप आलं.

पंजाब : अमेरिकेत लढाई आहे, तिथला कापूस विलायतेला जात नाही, तोवरच ही तेजी, माय. त्या दिवसांत पेढी सोडून आलो असतो तर...

मनकर्णा : समजते मले. म्या काई म्हनलं का?

पंजाब : मग ते गेले कसे?

मनकर्णा : देवघर झालं. रंगवासारखं काईच राह्यलं नाई. म्या म्हनलं, गोठ्यातल्या गव्हानी कर. पुंजाराम खाली पाहत उभा राह्यला. सत्यवतीच बोलली. तिले दिवस होते, माहेरी जाचं होतं. म्हने, "माय, कामाचं नका काढू आता. आमी असेच येऊन जाऊ." लय लाज वाटली मले त्या दिवशी.

पंजाब : आले का नंतर?

मनकर्णा : माघात सत्यवती येऊन गेली. आता पोट वाढलं तिचं. अवघडलेल्या बाईनं गाडीत हादरे काहून खावे?

(मनकर्णा दिव्याची वात पुढे सारते.)

पंजाब : मुंबईला चल माझ्याबरोबर.

मनकर्णा : तू रायते कुठी तिथं?

पंजाब : पेढीच्या माडीवर. एका खोलीत आम्ही पाचसहा जण. म्हणजे, सध्या नाही जमायचं. पुढच्या वर्षी बिऱ्हाड करीन.

मनकर्णा : करजो. पाहू पुढच्या वर्षी.

पंजाब : पण तोवर या अंधारात राहू नकोस. डोळे जातील. रोगण खरडून चुना मारून घेऊ. पहिल्यासारखं पांढरं होईल घर. मला परवा निघावंच लागेल, पण अकोल्याहून माणूस पाठवतो.

मनकर्णा : साऱ्या घराले?

पंजाब : साऱ्या घराला. देवघरापासून.

मनकर्णा : किती दिवस लागतीन त्याले?