वळकटीत मीच होतो!

...नाही, पण मी म्हणतो, तीनच मिनिटं दिली होती ना, मग तेवढी तरी माणसाला सुखानं बोलू द्याल की नाही? तुम्हाला सांगतो, डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पाडतायत आता... पाडा बापडे! पण त्याआधी सगळ्या जुन्या बिऱ्हाडांचा मेळावा ठेवला गच्चीवर, आणि सोसायटीचा सेक्रेटरी देवेश, त्याचा मला फोन, 'सलिलकाका, बालपणीच्या आठवणींवर तुम्हीच बोलायचं हं!' आता मी बावन्न वर्षांचा, कंबरेला पट्टा, माजिवड्याहून निघायचं तर रविवारीसुद्धा शीळफाट्याला पुढच्या ट्रकची पाठ वाचत पाऊण तास बसायचं... तरी गेलो! कारण आठवणी म्हणजे आपला हातखंडा. बायको म्हणते, 'अहो, सकाळी सांगितलेलं दूध आणायचं आठवत नाही, आणि अडीच वर्षांचे असतानाचं कसं हो आठवतं?' आठवतं! माणसाकडे तेवढं एकच तर असतं स्वतःचं.

तर उभा राहिलो. समोर पन्नास माणसं आणि पहिल्या खुर्चीत शेजारच्या उत्तराकाकू. वय चौऱ्याऐंशी. ऐकू येत नाही म्हणून पुढे बसवलेल्या. मी सुरुवात केली, म्हटलं, मी अडीच वर्षांचा, सकाळी आईनं घाईघाईत गाद्या गुंडाळल्या, त्यात मी झोपलेलो तो तसाच गुंडाळला गेलो, वळकटी गेली कोपऱ्यात, आणि अख्खी बिल्डिंग मला शोधतेय, कुणी विहिरीवर पळतंय, कुणी स्टेशनवर... आणि मी आत! तो अंधार, ती ऊब, बाहेरून लांबून येणारा आईचा आवाज, सगळं आजही...

'अरे, तो आनंद!'

कोण बोललं? उत्तराकाकू! 'तो तुझा दादा रे. तू तेव्हा पोटात होतास, सातवा लागला होता वहिनींना.' म्हटलं, काकू, मला अंधार आठवतोय! तर म्हणतात, 'आठवेल की. तोही अंधारच!' झालं, पन्नास माणसं हसली. आता मला सांगा, माणसानं आठवायचं तरी काय?

बरं, मी काय हार मानतो? लगेच दुसरी काढली. खाली एकच नळ, पहाटेपासून बादल्यांची रांग, आणि आपली बादली कुणी मागे सरकवू नये म्हणून आई मला बादलीत बसवून चुलीकडे पळायची. कुणाची बिशाद आहे बाळासकट बादली हलवायची! पुढची बादली सरकली की लोक मलाही उचलून पुढे ठेवायचे. बुडाला लागणारा तो गार पत्रा अजून...

'तोही आनंदच,' काकू म्हणाल्या. 'तुझ्या वेळेला घरात नळ आले होते.'

अहो, पण मग माझ्या बुडाला लागला तो पत्रा कुणाचा? देवेश मागून हळूच, 'काका, एक मिनिट राहिलंय...' माणसाचं बालपण चाललंय आणि हा घड्याळ बघतोय!

मग मी हुकमाचं पान काढलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. काकूंच्याच घरची आरास, बाहुल्या मांडलेल्या, आणि मी गुपचूप बाहुल्यांत जाऊन बसलो, हलेन तर शपथ! येणाऱ्या बायकांनी मलाही कुंकू लावलं, आणि मी समोरची कैरीची डाळ वाटीभर संपवल्यावर कळलं, ही बाहुली जेवते!

या वेळी काकूंनी मला पार शेवटपर्यंत बोलू दिलं. मी मनात म्हटलं, हे माझंच! तर त्यांनी पर्स उघडली आणि फोटो काढला हो... पुरावाच! बाहुल्यांत बसलेला चार वर्षांचा आनंद, तोंडाला डाळ लागलेली. म्हटलं, मग मी कुठाय? काकूंनी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं आईचा पदर, पदराखाली एक पाय. एवढासा. 'हा तू,' म्हणाल्या. माझ्या अख्ख्या बालपणातून, तुम्हाला सांगतो, एक पाय शिल्लक राहिला! तोही डावा! माणसानं आठवायचं तरी काय?

मी खाली येऊन बसलो त्यांच्याशेजारी. म्हटलं, काकू, मग मला हे सगळं कसं आठवतं? त्या म्हणाल्या, 'अरे, तू जेवायचा नाहीस. वहिनी कडेवर घेऊन गॅलरीत भरवायच्या आणि आनंदच्या खोड्या सांगायच्या. दादानं असं केलं म्हटलं की तू तोंड मिटायचास, बाळानं असं केलं म्हटलं की आ करायचास. मग काय करतील त्या? सगळं बाळानंच केलं!'

आई जाऊन अकरा वर्षं झाली. मला हे आत्ता कळतंय! हातातला बटाटावडा तसाच हातात राहिला हो माझा, पन्नास माणसांत. एकेका घासाला एकेक गोष्ट देत होती ती मला, आणि मी आपला आ करून बसलोय...

पण दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याची. जिन्यात जाऊन नाशिकला दादाला फोन लावला. म्हटलं, दादा, बादलीतला तू होतास! 'कुठली बादली?' वळकटीतलाही तूच! 'कसली वळकटी? अरे, मला दहावीच्या आधीचं काही म्हणजे काही आठवत नाही.' म्हटलं, पण तुझ्या आहेत त्या सगळ्या आठवणी, मी पन्नास वर्षं फुकट वापरतोय, परत घे! तर तो थंडपणे म्हणतो, 'ठेव रे तुलाच. माझे सगळे सदरे तरी कुणाला आले?'

आणि खरं सांगू, त्यानं हो म्हटलं असतं तरी मी काही दिल्या नसत्या... पन्नास वर्षं घालून घालून अंगाला बसल्यात हो त्या, आता निघतायत कुठं!