साहेबांना विचारून सांगतो

सकाळी सव्वादहाला गाल सुजलेला एक स्टोअरकीपर थोरल्या बहिणीबरोबर दातांच्या दवाखान्यात येऊन बसला. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकेने मासिक उघडले आणि कान तिकडे लावले.

"ताई, नव्या वर्षापासून माझं काम एआय करणार. म्हणे सगळ्याच कंपन्यांत येतंय."

"आणि तू?"

"ते आज कळेल. त्याला शिकवायला माझी बावीस वर्षांची उत्तरं दिली होती."

"म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा!"

"ऐक तर. माझं उत्तर कायम एकच. कुणी काही मागितलं की, साहेबांना विचारून सांगतो."

"विचारायचास?"

"छे! ज्याला खरी गरज असते तो संध्याकाळी परत येतो. निम्मे फिरकतच नाहीत."

"मग?"

"हे बेटं प्रामाणिक निघालं, खरंच विचारतं. काल चाचणी म्हणून चालू केलं, तर दुपारपर्यंत साहेबांना तीनशे निरोप. झाडू देऊ का? एक बोल्ट देऊ का?"

"अगंबाई! साहेब काय म्हणाले?"

"वैतागून त्यालाच विचारलं, हे बंद कसं करायचं?"

"बरं, मग?"

"म्हणालं, साहेबांना विचारून सांगतो."

शिक्षिकेचे मासिक थरथरले.

"हसवू नकोस रे मेल्या. फोन वाजतोय बघ तुझा."

"बोला साहेब... हो... ताई, विचारतायत, दोन वर्षं राहून त्याला नीट शिकवशील का?"

"हो म्हण की लगेच!"

त्याने सुजलेल्या गालावरून हात फिरवला.

"ताईला विचारून सांगतो, साहेब."

पावणेअकराला त्याला आत बोलावले, तेव्हा ताईच्या पर्समध्ये ठेवलेला त्याचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता.