गोळीआधीचं नाव

त्या नर्सपोरीची एक खोड मला सोसत नव्हती. गोळी देताना दरवेळी माझं नाव विचारायची. परवा मी फाडकन म्हटलं, "चार दिवसांत नाव विसरतेस, तर गोळ्या काय लक्षात ठेवणार?"

काल वाऱ्यासाठी मी वॉर्डातल्या शेजारणीशी खाट बदलली. संध्याकाळी गोळी घेतली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आज पडून होते, तर पडद्यापलीकडून मोठ्या सिस्टरचा आवाज आला.

"शेजारणीची गोळी आजींना दिलीस? नाडी चाळीसवर आली होती त्यांची!"

"चुकलं, सिस्टर."

"नाव विचारलं नाहीस?"

"नाही. त्या चिडतात."

"खाट त्यांनीच बदलली ना? मग तसं सांग की डॉक्टरसाहेबांना."

"नको. विचारायचं काम माझं होतं."

"अगं, नोकरी जाईल!"

"त्यांना कळलं तर धसका घेतील. काळीज आधीच नाजूक आहे."

"तोंड मात्र दणकट आहे!"

थोड्या वेळाने ती गोळी घेऊन आली आणि खाली मान घालून उभी राहिली. मी उठून बसले.

"विचार नाव, पोरी. चुकलीस ते एवढंच, की माझ्या जिभेला भ्यालीस. आता साहेबांना बोलाव. खाट कुणी बदलली आणि तुझं तोंड कुणी बंद केलं, ते मीच सांगते."